देवजीनं घेतलेलं बोंडलं

ये रे नातजावया, ये. बैल सोड त्या आंब्याखाली आन बस इथं ओट्याव. म्हशाला निंगालास ना? मला कळलं, जत्रेत बारक्याचं सामान घ्यायचं हाय तुला. बोंडलं, पाळना, घुंगरू, समदं. घेशील रे! जत्रा काय आज उठून जात नाय. आदी पानी पी आन एक गोष्ट ऐक. तुझ्या बायकोचीच हाय. जना तुझी झोळीत मुठी चोखत पडायची तवाची. तिच्या आईचा बापूस देवजी, माझा शेजारी, त्याची गोष्ट. अशी सांगतो का म्हशापर्यंत वाटेनं हसत जाशील.

तर हा देवजी इथलाच, शेणव्याच्या या अंगाचा. ते समोर पडवीचं घर दिसतं ना, तेच. शेती भाताची, डोंगराला थोडी नागली-वरी. पन त्याचं नाव झालं ते बैलांवरनं. शहापूर म्हन, मुरबाड म्हन, कुनाला बैल घ्यायचा झाला का आदी देवजीला बोलवायचं. देवजी यायचा, बैलाभवती एक फेरी मारायचा, शेपूट उचलायचा, खुराव टिचकी मारायचा, आन मंग बोटं घालून जबडा उघडायचा. दात बघितल्याबिगर देवजीनं जन्मात कुठल्या बैलाला बरा म्हटलं नाय. जत्रेत बैलांचा धंदा करनारे हेडी काय करीत, म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासायची, तेल लावायचं, लाल गोंडे बांधायचे आन तरना म्हनून उभा करायचा. देवजी लांबून दिसला का हे हेडी बैल घेऊन तंबूमागं पळायचे. देवजी आपला मिशीत हसायचा. बोलायचा, "शिंगं काय, कुनी बी चमकवील. तोंडात बघा रे, तोंडात."

हे तेवढं ध्यानात ठेव.

देवजीची बायको लौकर गेली. पोर एकच, बाळी. तिला दिली सिद्धगडाच्या पायथ्याला, सकुबाईच्या घरात. घरात मंग देवजी आन त्याची थोरली बहीन धोंडीबाई, दोघंच. धोंडीबाईला समदं गाव आक्का म्हनं. दिसभर भाऊ गोठ्यात, बहीन चुलीशी. बोलायचं काय? मीठ कमी हाय, नायतर जास्त हाय.

पहिल्या बाळंतपनाला बाळी माहेरी आली आन घर जागं झालं बघ. पोरगी झाली. बारशाला सासू सकुबाई आली. बाई मोठी खमकी. अंगानं भरलेली, आवाज आसा का शेतातून हाक मारली तर डोंगरावरची गुरं वळतील. तिनं नातीचं नाव ठेवलं जना. मंग पोरीला तळव्याव घेतली, भाजी जोखावी तशी वर-खाली केली आन तोंड वाकडं केलं.

"हलकी हाय," सकुबाई बोल्ली. "विहीवा, म्हशाची जत्रा झाली का मी येते. पोर भरली आसंल तर मायलेकींना ऱ्हाऊ दे शिमग्यापर्यंत. नाय भरली तर दोघींना गाडीत घालून नेनार. माझ्या शेळ्या हायत, माझे हात हायत. तिथं भरंल."

देवजीनं झोळीकडं बघितलं. शिमग्यापर्यंत पोरगी आन नात अंगनात ऱ्हानार या आशेव तो बसला होता. सकाळी उठला का गोठ्यात जायच्या आदी झोळीत डोकवायचा. ती झोळी रिकामी बघायची त्याची तयारी नव्हती.

आन पोर हलकी होती हे खोटं नव्हतं. बाळीला दूध कमी. आक्कानं तिला अळीव दिला, नागलीची पेज दिली, मेथी दिली. दूध यायचं पन पोरीचं पोट भरायचं नाय. पिऊन झालं का जी रडायची, जी रडायची! सुईन बोल्ली, वरचं दूध द्या, शेळीचं, पानी घालून, उकळून. मंग आक्का कापसाची वात दुधात बुडवून चोखवायची. पन वातीनं किती जानार रे पोटात? पोर दमून झोपायची, पोट रिकामंच.

"बोंडलं लागंल," आक्का बोल्ली. "चोचीचं भांडं. चोच ओठाला लावली का धार बरोबर तोंडात जाते. पन आपल्या घरात समदी मडकी. पितळेचा एक तांब्या, त्यो बी गळका."

"मी आनतो," देवजी बोल्ला. "जत्रेला जातोयच. बोंडलं आनतो, पाळन्याला दोरी आनतो, आजून काय लागंल ते."

आक्का हसली. "तू? अरे देवज्या, तुला पोराचं काय कळतं? बैलाची म्होरकी घेऊन येशील पोरीला!"

"आक्के, वासराला लागतं तेच पोराला लागतं. पोट भरायला काय तरी, आन जिवाला धोका नको. त्याच्यात आजून काय कळायचं हाय?"

बाळी झोळीशी बसली होती. ती हळूच बोल्ली, "बाबा, चांगलं बघून आना. सासूबाई आल्या का पयलं सामान बघतील."

झालं. हे ऐकलं आन देवजीच्या छातीत वारं भरलं. पौषाच्या पुनवेला गाडी जुंपली आन म्हसा गाठलं.

त्या साली जत्रा काय फुलली होती! बैलांची रांग नदीपर्यंत. हेडी हाका मारतायत, "देवजीदादा, जरा या बैलाचा दात बघून द्या." देवजी कुनाकडं बघंना. सरळ सामानाच्या पालांकडं.

पयला गेला कुठं? बैलांच्या सामानाकडंच. सवय रे! तिथं बारीक घुंगरू बघितलं, कानाशी वाजवलं. पोर रांगायला लागली का पायात बांधू, म्हंजे कुठं गेली ते ओट्यावर बसल्या-बसल्या कळंल. घेतलं. सुती दावं बघितलं, मऊ पन पिळाचं. झोळीला हेच. बैल बांधला तर तुटत नाय, मंग पोरीनं काय तुटतं? घेतलं. नाल मारनाऱ्याच्या पालाशी बैलाच्या खुराची एक जुनी पत्री पडली होती, लोखंडी, बोथट, खुरानं घासून गुळगुळीत झालेली. ती बी मागून घेतली. कशाला ते सांगतो पुढं.

मंग दुधाचं भांडं. एका कल्याणवाल्यानं काचेची बाटली मांडली होती, होडीसारखी वाकडी, दोनी तोंडांना रबर. "शेठ, सायबांची पोरं हिनंच पितात," तो बोल्ला. देवजीनं रबर नाकाशी नेलं. "सायबाचं पोर सायकल खातं काय रे? ट्यूबचा वास येतोय." मंग बाटलीत बोट घालून बघितलं, बोट आत जाईना. "धुवायची कशी? आन माझं घर कुडाचं. खाली पडली, काच फुटली, तुकडा राह्यला कोपऱ्यात, आन पोर त्याच्यावर रांगली म्हंजे?" ठेवली परत. इथपर्यंत देवजीचं डोकं ठिकान्याव होतं, आसं मी म्हनतो.

पन पुढच्या पालावर पितळेचं बोंडलं होतं रे! ऊन पडलं होतं त्याच्याव. आसं चमकत होतं, आसं चमकत होतं, का देवजीचे डोळे दिपले. पोट गोल, चोच नाजूक, पाठीला कडी. देवजीनं फिरवून बघितलं. चोच चाचपली, कुठं धार लागत नाय ना. कडी हलवली, ढिली नाय ना. बूड टेकवून बघितलं, कलंडत नाय ना. अंगाला कुठं टाका, भेग, काय नाय. आन मंग देवजी विसरला का हा बैलांचा बाजार नाय. खांद्यावरचं उपरनं काढलं, भांडेवाल्याच्या हातावर टाकलं आन उपरन्याखाली त्याची बोटं दाबायला लागला! बैलाचा सौदा तसाच करतात ना, बोटं दाबून, कुनाला कळू नये म्हनून. भांडेवाला घाबरला.

"ओ पाव्हनं! हात सोडा! काय करताय?"

"भाव करतोय."

"तोंडानं करा की! मी काय बैल इकतोय?"

आजूबाजूचे समदे हसले. देवजी बी हसला, पन भाव उतरवून घेतला आन बोंडलं काखेत मारलं. भांडेवाला मानूस सरळ होता. मागनं बोल्ला, "पाटील, आतनं जरा बघून..."

"आतनं-भाईरनं मला सांगतंस?" देवजी वळून बोल्ला. "आरं, बैलाच्या पोटात काय हाय ते मी शेपटीवरनं सांगतो!"

आन गेला. भांडेवाल्यानं हात जोडले. तो तरी काय करील?

घरी आल्याव देवजीनं एकेक वस्तू चटईवर मांडली. आक्का कंबरेव हात ठेवून उभी.

"घुंगरू बैलाचं," आक्का बोल्ली. "दावं बैलाचं. आन ही पत्री बैलाची. आता गोठ्यात दावन मोकळी कर, पोरगी तिथंच बांधू."

"आक्के, तू पोरीच्या उशाला कोयता ठेवतेस."

"ठेवनारच. लोखंड पायजे उशाला. नायतर काय बाय लागतं पोराला."

"लोखंडच पायजे ना? मंग ही पत्री लोखंड नाय तर काय गूळ हाय? कोयत्याला धार हाय. झोळीचा धक्का लागला, कोयता सरकला, पोरीनं हात टाकला, तर? पत्री बोथट. काय लागायचं त्यापासनं बी राखंल आन कापनार बी नाय."

 आक्कानं पत्री घेतली, कपाळाला लावली आन फडक्यात बांधून उशाला ठेवली. कोयता गेला कुडात वर. आजून या गावात बाळंतिनीच्या खोलीत पत्रीच ठेवतात, तुझ्या ध्यानात आलं आसंल.

मंग दावं तुळईला बांधलं. आक्का वरवंटा आनायला गेली. पाळन्यात आदी वरवंटा घालून झोका द्यायचा, रीतच हाय. पन देवजीला वरवंट्यानं समाधान होईना. त्यानं स्वताच दोनी हातांनी दावं धरलं, पाय उचलले आन तुळईला लोंबकाळला. धोतर सुटायला आलं. बाळी हसून हसून लाल.

"उतरा बाबा! घर खाली येईल!"

"येऊ दे! आता माझ्यावर येऊ दे, पोरीवर नको!"

घर आलं नाय. झोळी चढली. मांजरीचं आन कोंबड्यांचं भय होतं, तर देवजीनं डोंगरातल्या लहानीला मोठं डाल विनायला सांगितलं. लहानी ठाकरवाडीतली, बांबूचं काम करनारी, तिच्या हातचं डाल म्हंजे पानी तेवढं राहायचं नाय. पोरीला खाली चटईवर निजवायची आन वर डाल पालथं घालायचं. वारा आत, मांजर भाईर.

समदं झालं. राह्यलं बोंडलं. आन तिथंच गाडं आडलं.

पयल्या दिशी पोरीनं घोट घेतले. आक्का खूश. दुसऱ्या दिशीपासनं पोर चोच ओठाला लागली का तोंड आसं करायची, जसं कुनी कच्ची कैरी घातली. थू! समदं दूध आंगड्याव. परत लावलं, परत थू. आन मंग रडनं.

आक्का करायची काय, सकाळी शेळीचं दूध उकळायची, बोंडल्यात भरायची आन चुलीशी उबेला ठेवायची. पोर जागी झाली का लगेच हाताशी आसावं म्हनून. आन रोज चिंच घेऊन, राख घेऊन बोंडलं घासायची. विहीन येनार, भांडं चमकायला पायजे! भाईरनं घासायची, आतनं बी घासायची. सोन्यासारखं झालं ते. पोर मातर वाळली.

देवजीची झोप गेली. तो बोल्ला, शेळीच खराब. धरली शेळी, उघडला जबडा, बघितले दात. दात बरे. तरी शेजारची काळी शेळी आनली. थू. गाईचं दूध आनलं. थू. मंग बोल्ला, पोरीच्याच तोंडात काय तरी हाय. हात धुतला, बोट घातलं, टाळू चाचपली, हिरड्या बघितल्या. पोरीनं बोट आसं ओढलं, आसं चोखलं, का देवजीच्या डोळ्यांत पानी आलं.

"आक्के, चोखते गो! जोर हाय तोंडात. भूक हाय. मंग पीत का नाय?"

"मला काय इचारतंस? तूच ना वासराचा वैद्य!"

शेळीच्या तोंडात बघितलं, पोरीच्या तोंडात बघितलं. समद्यांच्या तोंडात बघितलं देवजीनं.

आन जत्रा तर उठली होती. सकुबाई कवा बी येनार. देवजी अंगनात उभा राह्यला का रस्त्याकडं बघायचा, आन लांब धुरळा दिसला का आत येऊन झोळीशी बसायचा.

आशात लहानी डाल घेऊन आली. डोक्याव डाल पालथं, खाली तिचं तोंड पार झाकलेलं, निस्तं डालच चालत आल्यासारखं. तिनं डाल उतरवलं, घाम पुसला आन ओट्याला टेकली. आत पोर रडत होती. आक्का बोंडलं घेऊन भाईर आली, कपाळाला हात लावून.

"परत टाकलं रे देवज्या."

लहानीनं समदं ऐकलं. डोंगरातली बाई, बोलनं थोडं. ती बोल्ली, "दादा, तुझा बैल पान्याला तोंड लावत नसंल तवा तू काय करतस?"

"काय करनार? आदी मी पानी चाखतो. कुंडात काय पडलंय, काय कुजलंय, ते बघतो. जनावर उगीच पानी सोडत नाय. माझा बैल पितो त्यातलं पयलं मी..."

 देवजीनं आक्काकडं बघितलं. बोंडल्याकडं बघितलं. लहानी डालाची एक कामटी नीट करत बसली.

"आन इकडं," देवजी बोल्ला. बोंडलं घेतलं. ते इवलंसं, ह्याचा हात एवढा. मिशी बाजूला सारली, मान वर केली, चोच तोंडात घातली आन चांगला मोठा घोट ओढला.

तेवढ्यात अंगनात गाडी थांबली. गाडीतनं सकुबाई उतरली.

आता तूच बघ डोळ्यांसमोर. आत नात भुकेनं रडतेय, आन आजोबा ओट्याव बसून, मान वर करून, नातीचं बोंडलं चोखतोय!

"अगो बाय!" सकुबाई ओरडली. डोंगरावरची गुरं वळली आसतील. "आन मी म्हनते, पोर का वाळली! विहीवा, लाज नाय वाटत? दूध पायजे होतं तर मला निरोप धाडायचा, मी हंडा भरून धाडला आसता!"

देवजीला बोलता येईना. तोंडात ते दूध. आन दूध कसं? आंबट, कडू, जिभेला चरचरनारं. गिळवत नाय. थुंकायचं तर विहीन समोर उभी. गाल फुगलेले, डोळे भाईर आलेले, हातानं खुना करतोय.

"काय झालं यांना?" सकुबाई बोल्ली. "वारं गेलं काय अंगावरनं?"

शेवटी देवजी उठला, धावत परड्यामागं गेला आन थुंकला. तिथनं आवाज आला, "कळकलंय! दूध कळकलंय!"

परत आला, मिशी पुसली आन बोंडलं सकुबाईपुढं धरलं. "चाखा विहीनबाय. मंग काय ते बोला."

सकुबाईनं आदी वास घेतला. मंग बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. तोंड आसं केलं, अगदी नातीसारखं. दूध ओतून टाकलं, बोंडल्याचं झाकन काढलं आन उनात तिरपं धरून आत बघितलं.

"कल्हई कुठं हाय याला?" ती बोल्ली.

आक्का आन देवजी दोघं एकमेकांकडं बघायला लागले. मडक्यात जेवनारी मानसं रे. त्यांच्या घरात पितळ म्हंजे तो एक गळका तांब्या, कल्हई ते काय ठावं?

"आत पांढरं पायजे, पांढरं," सकुबाई बोल्ली. "कथलाची कल्हई. होती ती झिजलेली, उरली-सुरली तुमी चिंचेनं घासून काढली आसंल. आत निस्तं पिवळं पितळ. त्याच्यात दूध ठेवाल तर कळकनार नाय तर काय होनार? विहीवा, एवढ्या बैलांचे जबडे उघडलेत तुमी. या एवढुश्याचं तोंड उघडायला काय झालं होतं?"

देवजीनं बोंडलं हातात घेऊन आत बघितलं. त्याला तो भांडेवाला आठवला. आतनं जरा बघून. "तो सांगत होता गो," तो बोल्ला. "मीच नाय ऐकलं. भाईरनं चमकत होतं. मी... माझी नात पिनार म्हनून मला ते चमकनारं पायजे होतं." आन मंग एकदम हसायलाच लागला. "जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं, तोंडात बघा. आन मला हेड्यानं नाय, माझ्याच डोळ्यांनी फसवलं!"

आत पोर रडतच होती. बाळी तिला घेऊन दारात आली. तोंड उतरलेलं. तिला वाटलं, आता सासूबाई गाडीत बसवतात.

तेवढ्यात लहानीनं कंबरेची पिशवी सोडली. आतनं शिंपली काढली, काळू नदीतली, मोठी, कडा घासून घासून मऊ केलेली. "माझी पोरं हिच्यावर वाढली," ती बोल्ली. "कढत पान्यानं धू गो. हिच्यात काय कळकत नाय."

आक्कानं शिंपली धुतली. ताजं दूध मडक्यात उकळलं, निवलं. सकुबाईनं ओट्याव मांडी घातली आन नातीला घेतली. शिंपलीत दूध, शिंपलीचं टोक ओठाला. पोरीनं आदी तोंड वाकडं केलं, सवयीनं. मंग जीभ भाईर काढली. चाटलं. थांबली. डोळे मोठे केले. परत चाटलं. आन मंग रे, मचामचा, मचामचा!

 बैल बी रवंथ थांबवून बघतायत आसं वाटलं. शिंपली भरायची, रिकामी व्हायची. भरायची, रिकामी व्हायची. पोर पिता पिता झोपली, हनवटीला दुधाचा थेंब.

सकुबाई उठली. आता बघनी सुरू झाली. झोळीशी गेली. "हे दावं बैलाचं?"

"हां."

"तुटंल?"

"मी लोंबकाळून बघितलंय."

"तुमी काय, वाळकी काठी." सकुबाईनं पदर खोचला, दोनी हातांनी दावं धरलं आन पाय उचलले! तुळई करकरली. वरनं कौलाची माती पडली. गाठ तसूभर सरकली नाय. ती उतरली, हात झटकले. उशाची पत्री बघितली, हातानं धार चाचपली, धार नव्हती. घुंगरू वाजवून बघितलं. मंग डाल पालथं घातलं, वर हात दाबला, दबत नाय हे बघितलं. लहानीकडं वळून बोल्ली, "बाय, आसं एक माझ्याकडं बी पायजे. पोर येईल तवा लागंल."

"येईल तवा म्हंजे?" देवजीनं हळूच इचारलं. "आज नेत नाय?"

"पोर पितेय ना? मंग हलवायची कशाला? शिमग्याला येते. पन विहीवा, ऐका. बोंडल्याला कल्हई करून घ्या, तवर शिंपली. आन परत मला तुमी ओट्याव बोंडलं चोखतांना दिसायचे नाय."

आक्का एवढी हसली का तिचा पदर तोंडात गेला. बाळी आत पळाली, हसायला का रडायला ते मला ठावं नाय. सकुबाई त्या दिशी राह्यली, सुकटीचं कालवन आन तांदळाची भाकर खाऊन गेली.

देवजी बाजाराच्या दिशी बोंडलं घेऊन सरळगावला गेला. कल्हईवाल्याच्या भात्यासमोर बूड टेकून बसला. कल्हईवाल्यानं भांडं तापवलं, नवसागर टाकला, धूर उठला, कथील फिरवलं. "झालं," तो बोल्ला. देवजी बोल्ला, "दाव." उनात धरलं, बोट फिरवलं. "तिथं चोचीच्या मुळाशी पिवळं हाय." परत करवलं. कल्हईवाला बोल्ला, "काका, बैल घेताय का बोंडलं?" देवजी बोल्ला, "बैल बरा रे. बैल फसवतो तवा झोळीतलं पोर उपाशी राहात नाय."

शिमग्याला सकुबाई आली तवा जनाला तळव्याव घेता येईना, दोनी हात लागले. "दगूड झाली गो!" ती बोल्ली. एवढी खूश का होळीभवती पोरीला घेऊन तीच नाचली.

पुढल्या साली म्हशाच्या जत्रेत हेडी लांबून ओरडले, "देवजीदादा, बोंडलं आनलंय काय?" देवजी चिडला नाय. मिशी पिळून बोल्ला, "आनलंय. तुमच्या बैलाच्या तोंडात घालून बघू काय?" मंग तर आसं झालं का कुनाच्या घरात पोर जन्मलं का देवजीला बोलावनं. तो यायचा, झोळीला लोंबकाळायचा, उशाचा कोयता काढायचा, भांड्याच्या तोंडात बोट घालायचा. म्हातारपनी लोंबकाळनं जमंना, तर आक्काला सांगायचा, आन आक्का शिव्या देत लोंबकाळायची.

आन ते बोंडलं? ते कवाच एका घरात राह्यलं नाय. या घरातलं पोर प्यायलं का त्या घरात, त्या घरातलं सुटलं का पलीकडं. मोठ्या लढाईत समदं महाग झालं, काय मिळंना, तवा तर या वाडीतली एकूनएक पोरं त्याच्यावर वाढली. शेवटी माझ्या धाकट्या नातीपाशी आलं, तिचं बी सुटलं आता. म्हनून सांगतो, जत्रेत जा, घुंगरू घे, दावं घे, लोंबकाळून बघ. पन बोंडलं घेऊ नको. जना ज्याच्यावर वाढली त्याच्याव तिचं पोर वाढू दे. पिवळं पडलं आसंल तर सरळगाव तुझ्या वाटेवरच हाय, कल्हईवाल्याचा पोरगा बसतो आता.

तर ऊठ. ती बघ फळी, मडक्यांच्या वर. माझा हात पोचत नाय आन डोळ्यांना धड दिसत बी नाय आता. तेवढं बोंडलं खाली काढ, दारात उनात घेऊन ये, झाकन उघड, आन मला सांग बाबा, आत पांढरं हाय का पिवळं?